माइनक्राफ्टच्या शेतात आच्छादन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या संगणक-खेळाच्या जावा आवृत्तीसाठी मी मल्चिंगचा, म्हणजे काड-पाचोळ्याने जमीन झाकायच्या आच्छादनाचा, मॉड (खेळात भर घालणारा पूरक कोड) लिहितोय. ज्यांना चाचणीसाठी दिला त्यांच्याकडून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरे एका ठिकाणी लिहून ठेवतो. विचारणाऱ्यांत निम्मे फक्त गेम खेळणारे आहेत आणि निम्म्यांच्या घरी शेती आहे. दोघांनाही समजेल असे लिहिले आहे.

गहू तर तसाही येतो. मग मल्चिंग कशाला?

मूळ खेळात खरोखरच गरज नाही, आणि हे आधी मान्य केल्याशिवाय मॉड नीट जमत नाही. पाण्याचा एक ठोकळा आडव्या पातळीवर चारही बाजूंना ४ ठोकळ्यांपर्यंत जमीन ओली ठेवतो. म्हणजे ९ × ९ च्या वाफ्यात मधोमध एक खड्डा आणि त्यात एक बादली पाणी, एवढ्यावर ८० ठोकळे कायमचे भिजलेले. शिवाय २ × २ च्या खड्ड्यात समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन बादल्या ओतल्या की न आटणारी विहीर तयार.

आच्छादन पाणी देत नाही. असलेले पाणी राखते. जिथे पाणी कधी आटतच नाही तिथे ते राखायचे कशासाठी? पहिल्या प्रयत्नात मी हे लक्षातच घेतले नव्हते. गव्हाचे काड पसरले की पीक २० टक्के जलद वाढेल, असा सरळ फायदा लिहून मोकळा झालो होतो. ते खतासारखे वाटत होते, आच्छादनासारखे नाही. तो कोड पुसून टाकला आणि सुरुवात पाण्यापासून केली.

पाण्याचे कोणते नियम बदलले आहेत?

दोन. पाण्याची पोहोच ४ ठोकळ्यांवरून १ वर आणली. पाटालगतची ओळ भिजते, त्यापलीकडे नाही. आणि न आटणारी विहीर बंद. त्यासाठी वेगळे काही लिहावे लागले नाही, कारण १.१९.३ पासून खेळातच ‘वॉटर सोर्स कन्व्हर्जन’ नावाचा गेमरूल, म्हणजे चालू-बंद करता येणारा नियम, आहे. तो बंद केला की झाले.

बाकीच्या वाफ्यांना पाणी बाटलीने द्यायचे. बाटली फार्मलँडवर, म्हणजे पेरणीसाठी तयार केलेल्या मातीच्या ठोकळ्यावर, ओतली की त्या ठोकळ्याची ओल पूर्ण होते. भरलेल्या बाटल्या एकावर एक साठत नाहीत, प्रत्येकीला खेळाडूच्या सामानातला एक रकाना लागतो. म्हणजे टंचाई आहे ती खेपांची. ज्यांच्या घरी पाणी वाहून आणावे लागले आहे त्यांना हा भाग समजावून सांगावा लागला नाही.

ओल नेमकी मोजली कशी जाते?

फार्मलँडच्या प्रत्येक ठोकळ्याला ० ते ७ असा ओलाव्याचा आकडा असतो. हे मूळ खेळातलेच आहे. खेळ एका सेकंदात २० टिक, म्हणजे घड्याळाचे २० ठोके, चालतो. प्रत्येक टिकला १६ × १६ × १६ च्या तुकड्यातले, म्हणजे ४०९६ ठोकळ्यांपैकी, कोणतेही ३ ठोकळे निवडले जातात. निवड झालेल्या ठोकळ्याजवळ पाणी असेल किंवा त्यावर पाऊस पडत असेल तर ओल थेट ७ होते, नाहीतर १ ने उतरते. ० वर आल्यानंतर पुन्हा निवड झाली आणि वर पीक नसेल, तर फार्मलँडची साधी माती होते.

आता हिशोब. ४०९६ भागिले ३ म्हणजे सुमारे १३६५ टिक, म्हणजे सरासरी ६८ सेकंदांनी एका ठोकळ्याची पाळी येते. ७ पायऱ्या उतरायला साधारण ८ मिनिटे. खेळातला एक दिवस २० मिनिटांचा असतो. सकाळी पाणी दिलेली उघडी जमीन दुपार उतरायच्या सुमारास कोरडी. चैत्रातली हलकी जमीन डोळ्यांसमोर आणा, फारसे वेगळे नाही.

पण कोरड्या जमिनीतही पीक वाढतेच ना?

वाढते, हळू. खेळ पिकाखालचा ठोकळा आणि भोवतालचे ८ ठोकळे पाहून गुण देतो. सगळे ओले असतील तर १० गुण, सगळे कोरडे असतील तर ४. त्यावरून पुढची पायरी चढायची शक्यता ठरते: ओल्यात ३ पैकी १, कोरड्यात ७ पैकी १. गव्हाला ७ पायऱ्या चढायच्या असतात. ओल्या जमिनीत साधारण २४ मिनिटे, कोरड्यात ५६.

हे आकडे ओळीने पेरलेल्या पिकाचे आहेत, म्हणजे एक ओळ गव्हाची, शेजारची गाजराची. सगळीकडे गहूच पेरला तर खेळ गुण निम्मे करतो. मिश्रपिकाला बक्षीस देणारा हा नियम मूळ खेळात कोणी घातला त्याला माझा नमस्कार.

एक बारकावा महत्त्वाचा. ओल १ असो की ७, गुण सारखेच. फरक पडतो तो फक्त ० ला. म्हणून ओल वाढवण्याला काही अर्थ नाही, ती लांबवण्याला आहे. खेळाचा जुना कोड आच्छादनासाठीच थांबला होता असे मला हे पहिल्यांदा वाचताना वाटले.

किती थर द्यायचे आणि त्याने काय होते?

तीनपर्यंत. प्रत्येक थर ओल उतरण्याची पाळी काही वेळा चुकवतो. एक थर असेल तर तीनात एकदा, दोन असतील तर दोनात एकदा, तीन असतील तर तीनात दोनदा. ८ मिनिटांची ओल अनुक्रमे १२, १६ आणि २४ मिनिटे टिकते.

२४ हा आकडा मुद्दाम निवडला आहे. ओळीने पेरलेला गहू ओल्या जमिनीत यायलाही तेवढाच वेळ लागतो. तीन थर असतील तर पीक जवळजवळ एका पाण्यावर निघते. ‘जवळजवळ’ म्हणतो कारण हे सगळे सरासरीचे खेळ आहेत. एखादा ठोकळा लवकर सुकतो आणि बघणाऱ्याला तिथेच बाटली न्यावी लागते.

जाड थराची किंमतही आहे. पाऊस पडताना तीन थरांखालची जमीन भिजण्याची शक्यता निम्मी होते. खऱ्या शेतातही हलकी सर जाड पाचटातच, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांतच, जिरते, मातीपर्यंत पोचत नाही. म्हणून पावसाच्या प्रदेशात एक थर पुरे. वाळवंटात पाऊस पडतच नाही, तिथे बिनधास्त तीन द्या.

आच्छादनाला काय काय वापरता येते?

गव्हाचे काड सर्वांत सोपे. मूळ खेळात गहू कापला की गहू आणि बी मिळते, काड मिळतच नाही. नऊ गव्हांची पेंढी होते, पण ती पसरायची म्हणजे तीन भाकऱ्यांचे, खेळातल्या भाषेत तीन ब्रेडचे, धान्य जमिनीवर टाकायचे. ते मला पटेना. म्हणून पिकलेल्या गव्हातून वेगळे काड निघते.

पाचोळा खेळात आता आयताच आहे. २०२५ मधल्या १.२१.५ आवृत्तीत जंगलात जमिनीवर पडलेली वाळकी पाने आली. झाडाची पाने भट्टीत घातली तरी ती मिळतात. मूळ खेळात ती मुख्यतः शोभेपुरती आहेत, इथे ती कामाला लावली. पाचोळा सर्वांत लवकर कुजतो.

माझा जीव मात्र उसाच्या पाचटात अडकलाय. माइनक्राफ्टमध्ये ऊस पाण्याच्या कडेने वाढतो, साधारण तीन ठोकळे उंच होतो, आणि सगळे अनुभवी खेळाडू खालचा ठोकळा ठेवून वरचे दोन तोडतात. म्हणजे खोडवाच, बुंध्यातून पुन्हा फुटणारे पीकच, राखतात! आपल्याकडे पाचट ठेवायचा सल्ला मुख्यतः खोडव्यालाच देतात. एका हेक्टरच्या उसातून ८ ते १० टन पाचट निघते, आणि अजून कितीतरी ठिकाणी ते पेटवून देतात. मॉडमध्ये बुंधा ठेवून ऊस तोडला तरच पाचट हाती येते, मुळासकट उपटला तर नाही. पाचट सर्वांत जास्त टिकते.

लहानपणी एप्रिलच्या भर दुपारी आजोबांनी खोडव्यातले पाचट हाताने बाजूला करून दाखवले होते. वरची पाने हाताला चटका देत होती. खाली बोटभर आत माती काळी, गार आणि चिकट, त्यात एक गांडूळ आखडून घेत होते. शेजारच्या पेटवलेल्या रानातली माती मुठीत घेतली तर बोटांतून राखेसारखी निसटली. या मॉडचे मूळ त्या दोन मुठींत आहे.

खडीचे आच्छादन हा काय प्रकार आहे? हे खरे असते?

अगदी खरे. कॅनरी बेटांतल्या लान्झारोते बेटावर १७३० ते १७३६ या काळात ज्वालामुखीचे उद्रेक झाले आणि चांगली जमीन काळ्या राखेखाली गाडली गेली. तिथल्या शेतकऱ्यांनी त्या राखेचाच उपयोग केला. ला हेरिया भागात आजही वाटीसारखे खड्डे करून त्यात द्राक्षवेली लावलेल्या असतात आणि वर काळ्या बारीक खड्यांचा थर असतो. पाऊस नगण्य, पण खालची ओल उडून जात नाही. चीनच्या गान्सू प्रांतात वाळू आणि गोटे पसरून कलिंगडे पिकवायची पद्धतही काही शतकांची आहे.

खेळात खडी मुबलक, म्हणून हा पर्याय ठेवला. खडी कुजत नाही, कोंबड्या ती उकरत नाहीत, आग लागत नाही. पण तिने मातीत काही भर पडत नाही, आणि त्या ठोकळ्यावर पुन्हा कुदळ (खेळातली ‘हो’) चालवली तर खडी मातीत मिसळून तो ठोकळा कायमचा निकृष्ट होतो. गान्सूतही हीच अडचण आहे: खडी हळूहळू मातीत मिसळते आणि रान जुने होते.

कुदळीने उभ्या पिकात मारले तर ‘कोळपणी’ असे दिसते. ही चूक आहे का?

चूक नाही, मॉडमधली माझी सर्वांत आवडती गोष्ट आहे.

‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ हे आमच्या सोलापूर-मंगळवेढ्याकडे ज्वारीवाल्या प्रत्येक घरात ऐकू येते. रब्बी ज्वारी साठलेल्या ओलीवर येते. काळी जमीन सुकू लागली की भेगा पडतात आणि त्या भेगांतून खोलवरची ओल उडून जाते. कोळप्याने, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती हलवायच्या औताने, वरचा दोन बोटे थर भुसभुशीत केला की भेगा बुजतात आणि सुटी माती स्वतःच आच्छादनाचे काम करते. वर काहीही आणून टाकावे लागत नाही. पीक तीन आठवड्यांचे झाल्यावर पहिली कोळपणी, पाचव्या आठवड्यात दुसरी, आठव्यात तिसरी आणि ती दातेरी कोळप्याने, अशी शिफारस आहे.

मॉडमध्ये कोळपणी केलेल्या ठोकळ्याची ओल दोनात एकदा उतरायची चुकते. म्हण अक्षरशः कोडमध्ये घातली आहे. पाऊस पडला की वरची माती बसते आणि परिणाम जातो, पुन्हा कोळपावे लागते. ज्याच्याकडे काड नाही, ऊस नाही, फक्त लाकडी कुदळ आहे, अशा नव्या खेळाडूला पहिल्या दिवसापासून करण्यासारखे काहीतरी हवे होते, ते हे. आच्छादन असलेल्या ठोकळ्यावर मात्र कोळपणी होत नाही, कारण थर हलवल्याशिवाय कोळपे चालणार कसे?

पेरणीआधी आच्छादन टाकले तर बी उगवतच नाही. का?

तीन थरांखाली बारीक बी खऱ्या शेतातही अडकते. आधी पेरा, दोन पायऱ्या वाढू द्या, मग आच्छादन करा. घाई असेल तर पेरणीआधी एकच थर द्या, त्यातून उगवण होते. बटाटा आणि गाजर यांना मी सूट दिली आहे. बटाट्याबाबत ती योग्य आहे, काडाखाली बटाटा छान येतो. गाजराचे बी खरे तर फार नाजूक असते, पण खेळात गाजरच लावायचे असते, म्हणून नाइलाज.

एकाच ठोकळ्यात पीक आणि पाचोळा दोन्ही कसे बसवले?

मॉड लिहू पाहणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न. पीक फार्मलँडच्या वरच्या ठोकळ्यात असते, त्यामुळे तिथे दुसरे काही ठेवता येत नाही. म्हणून आच्छादन खालच्या ठोकळ्याचा गुणधर्म केला: प्रकार आणि थर.

दाखवायचे कुठे, हा प्रश्न दोन आठवडे सुटत नव्हता. मग शेताच्या कडेला वाकून बघताना लक्षात आले की फार्मलँड शेजारच्या मातीपेक्षा किंचित खोल दिसते. ती पूर्ण ठोकळ्याच्या १६ पैकी १५ भागच उंच असते. वरचा एक पिक्सेल मोकळा! पाचट त्या एका पिक्सेलमध्ये बसवले आहे. एका थरात मातीचे काळे ठिपके दिसतात, तिसऱ्यात माती पूर्ण झाकली जाते. टक्कर-आकार, म्हणजे पाय टेकतो ती उंची, तसाच १५ ठेवला, त्यामुळे चालताना काही फरक जाणवत नाही.

ठोकळा मात्र स्वतंत्र केला, मूळ फार्मलँडला हात लावला नाही. त्यामुळे पिकांचा कोडही दुरुस्त करावा लागला, कारण ती ‘खाली फार्मलँड आहे का’ एवढेच विचारतात आणि माझा ठोकळा ओळखत नाहीत. त्यासाठी फॅब्रिकवर (मॉड चालवणारी प्रणाली) दोन छोटी मिक्सिन, म्हणजे मूळ कोडला जोडायचे तुकडे, लागली: एक लावणीसाठी, एक वाढीच्या गुणांसाठी.

आच्छादन कुजते म्हणजे काय होते? खत मिळते का?

ओल्या जमिनीत थर हळूहळू कमी होतात. काडाचा एक थर सरासरी २३ मिनिटांत, पाचोळा त्याच्या निम्म्यात, पाचट दुप्पट वेळात. कोरड्यात कुजणे थांबते. कुजलेला शेवटचा थर त्या ठोकळ्याचा कस किंचित वाढवतो आणि पुढे तिथली ओल थोडी जास्त टिकते. एकदम काही हाती पडत नाही, चार-पाच पिकांनंतर फरक दिसतो. हाडांच्या चुऱ्यासारखे झटपट काही हवे असेल तर तो चुरा आहेच.

काही जण काड पसरल्यावर लगेच कुदळीने मातीत गाडतात आणि पीक मागे पडले म्हणून तक्रार करतात. तसेच व्हायला हवे. काडात कर्ब भरपूर आणि नत्र कमी. ते मातीत मिसळले की कुजवणारे जिवाणू मातीतलाच नत्र ओढून घेतात आणि पिकाला काही काळ कमी पडतो. वर पसरलेले काड मातीला फक्त पृष्ठभागावर लागते, म्हणून हा त्रास फार थोडा. आपल्याकडे पाचटावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि जिवाणू संवर्धक टाकायला सांगतात ते यासाठीच. गाडलेल्या ठोकळ्यावर एक पीक हळू येईल, त्यानंतर कस एकदम दोन पायऱ्यांनी वाढेल. रान एक हंगाम मोकळे ठेवता येत असेल तर जरूर गाडा.

कोंबड्यांनी सगळे उकरून टाकले!

उकरणारच, त्यांना खाली किडे दिसतात. कुंपण घाला. खडी आणि कोळपणी सोडून सगळे त्या विस्कटतात.

आगही तशीच लक्षात ठेवा. कोरडे आच्छादन पेट घेते आणि ओळीने पसरत जाते. ओल ३ च्या वर असेल तर पेटत नाही. वाफ्याच्या कडेला लाव्हा ठेवून उजेड करणाऱ्यांनी मशाली वापराव्यात, मशालीने आग लागत नाही.

मल्चिंग पेपर का नाही? आमच्याकडे मिरचीला तोच वापरतात.

माझ्या मामाकडेही. चंदेरी-काळा, २५-३० मायक्रॉनचा, चार फुटी रोल. चंदेरी बाजू वर, काळी खाली. तणाला उजेड मिळत नाही आणि मिरची, टोमॅटो, कलिंगडाला त्याचा फायदा होतो यात शंका नाही. पण पेपरमधून पाऊस आत जात नाही, म्हणून खाली ठिबक हवे. खेळात ठिबक आणायचे तर नळ्या, दाब, गाळणी सगळे आणावे लागेल. आणि हंगाम संपल्यावर पातळ पेपरचे तुकडे रानात राहतात, ते वेचणे हे वेगळे काम. हे सगळे दाखवायचे तर नीट दाखवावे, फक्त फायदा दाखवून उरकू नये. सध्या घेतलेले नाही.

तण का नाही? आच्छादनाचे अर्धे काम तर तणावरच असते.

बरोबर आहे, ही उणीव मला खटकते. मूळ खेळात तण नाहीच. पुढच्या आवृत्तीत ओल्या, उघड्या आणि रिकाम्या फार्मलँडवर गवत उगवेल, आणि ते शेजारच्या ठोकळ्याची ओल ओढेल. दोन थरांखाली उगवणार नाही. उभ्या पिकात तण आणायचे की नाही हे ठरलेले नाही, कारण शंभर ठोकळे खुरपत बसणे खेळात लवकर कंटाळवाणे होईल अशी भीती वाटते.

मोबाइलवर चालेल का?

नाही. मोबाइलवर बेडरॉक आवृत्ती असते, तिचा कोड वेगळा आणि यादृच्छिक टिकचा, म्हणजे दर टिकला निवडायच्या ठोकळ्यांचा, मूळ आकडाही ३ ऐवजी १. वरचे सगळे आकडे तिथे बदलतील.

गावकरी शेतकरी आच्छादन करतात का?

पेरणी-कापणी नेहमीसारखी करतात. आच्छादन तुम्हीच करायचे.

मॉड काढून टाकला तर शेताचे काय?

खेळाला जो ठोकळा ओळखू येत नाही त्याची हवा होते. म्हणजे आच्छादनाखालचा प्रत्येक ठोकळा नाहीसा होईल आणि वरचे पीक खाली पडेल. काढण्याआधी जगाची प्रत ठेवा. मग प्रत्येक शेतात जाऊन मॉडमधली ‘आच्छादन उचल’ ही आज्ञा चालवा. ती आसपासच्या लोड झालेल्या भागातले सगळे ठोकळे मूळ फार्मलँडमध्ये बदलते, ओल आहे तशी ठेवते आणि काड-पाचट जवळच्या पेटीत टाकते. दूरचे शेत विसरू नका, तिथे प्रत्यक्ष जावे लागते. एक-दोनच ठोकळे असतील तर फावड्याने उजवी क्लिक केली तरी थर निघतो आणि हातात येतो.